मार लक्षात ठेवणारी कुस्ती

आमच्या घरातली जी पिढी आज चाळिशीत आहे, तिला कुस्ती दोन वाटांनी भेटली. एक वाट जत्रेतल्या मातीची, दुसरी केबलच्या काळ्या वायरीची. दोन्ही वाटांवर सांगणारा माणूस मात्र एकच होता. आबा, म्हणजे आमचे आजोबा, तरुणपणी पंचक्रोशीतल्या जत्रा खेळलेला गडी. त्यांच्याजवळ बसून डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे टीव्हीवरची अमेरिकन कुस्ती, पाहिलेली आम्ही चुलत भावंडं आता नांदेड, पुणे, हैदराबाद अशी पांगलो आहोत. तरीही चांगली कुस्ती कशाला म्हणायचं, यावर आमच्यात फारसं दुमत नाही.

डोंगरकडा हे नांदेड-हिंगोली रस्त्याच्या टापूतलं केळीचं गाव. इसापूर धरणाच्या कालव्याचं पाणी रानात आलं आणि केळी-उसाचा पसारा वाढला. 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आम्ही परभणी जिल्ह्यातले. जमीन काळी, पावसात पायाला चिकटणारी. त्यामुळं आखाड्याची तांबडी माती बाहेरून आणावी लागे. तीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळून ती मऊ केली जाई. जत्रेत आधी लहान लेकरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागायच्या, मग नारळावर, मग पैशावर. सगळ्यात मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती दिवस कलताना. आबा म्हणायचे, सकाळपासूनच्या सगळ्या कुस्त्या शेवटच्या कुस्तीसाठी गर्दीला तयार करत असतात. आमच्या थोरल्या दादानं तेव्हाच ते डोक्यात ठेवलं होतं. पुढं मोठ्या सोहळ्यांच्या रात्री आधीच्या कुस्त्या कंटाळवाण्या म्हणून कुणी चॅनल बदलायला लागलं की दादा त्याचा हात धरायचा.

टीव्ही बैठकीत होता. विजेचं वेळापत्रक कुणालाच पाठ नव्हतं. दोन हजारनंतरच्या भारनियमनात तर संध्याकाळच्या संध्याकाळ अंधारात जायच्या. केबलवाल्याकडं जनरेटर होता आणि आमच्याकडं ट्रॅक्टरची बॅटरी. मोठा रंगीत टीव्ही गप्प पडला की छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही बाहेर निघायचा, बॅटरीला चिमटे लागायचे आणि काळ्या-पांढऱ्या पडद्यावर हल्क होगनची पिवळी बनियान राखाडी दिसायची. आम्हाला रंग माहीत होते, कारण आमच्याकडच्या मल्लांच्या पत्त्यांवर सगळे रंगीत होते. उंची, वजन, छाती, दंड, रँक. पत्ते पिसून आकडा सांगायचा, ज्याचा मोठा त्यानं दोन्ही पत्ते घ्यायचे. आबांना हा खेळ पटत नसे. छातीच्या इंचावरून कुस्ती ठरत असती तर आखाडा खणायची गरजच नव्हती, असं त्यांचं मत.

एक काका शाळेत शिक्षक. त्यांनी केबल आल्यावर पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, की हे सगळं खोटं आहे, नुरा कुस्ती आहे, निकाल आधीच ठरलेला असतो. काकांचं बरोबर होतं. 1989 साली डब्ल्यूडब्ल्यूएफ चालवणाऱ्या व्हिन्स मॅकमहनच्या कंपनीनं न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढं स्वतःच मान्य केलं होतं, की आपला कार्यक्रम ही स्पर्धा नसून करमणूक आहे. तसं केलं की क्रीडा आयोगाच्या नियमांतून सुटका होत होती. आम्हाला ते ठाऊक नव्हतं, पण काकांच्या बोलण्यानं आम्ही हिरमुसलो खरे. आबा शांतपणे म्हणाले, “ठरवलेली हाय ते आंधळ्यालाबी दिसायलंय. पर ठरवून तरी नीट करायलेत का, ते बघा की.”

त्या एका वाक्यानं आमची नजर बदलली. कोण जिंकणार हा प्रश्न मागं पडला. हे कसं सांगतायत, याकडं लक्ष जाऊ लागलं.

आबांची कसोटी एकच होती, आणि ती फार कडक होती. समजा एखाद्यानं दुसऱ्याचा गुडघा पिळला. पाच मिनिटं तोच गुडघा जमिनीवर आपटला, दोरांत अडकवला. त्यानंतर तो पिळलेला गडी अचानक उठून दणादण धावायला लागला, की आबा चिडायचे. “आरं, मघा लंगडत व्हता ना ह्यो? मंग आता उड्या कामून मारायलाय? पाय बरा झाला का?” याउलट एखादा मल्ल जिंकत आला असतानाही दुखऱ्या पायावर भार टाकताना क्षणभर अडखळला, उचललेला प्रतिस्पर्धी त्या पायामुळंच त्याच्या हातून निसटला, की आबा मांडीवर थाप मारायचे. मार लक्षात राहिला पाहिजे. अंगाला बसलेला, मनाला बसलेला, मागच्या महिन्यात बसलेला. कुस्तीनं काहीच विसरायचं नाही. खऱ्या कुस्तीत शरीर आपोआप लक्षात ठेवतं. ठरवलेल्या कुस्तीत ते मल्लाला लक्षात ठेवावं लागतं, आणि म्हणून ते अवघड. आज इतक्या वर्षांनी मी या प्रकारावर पुष्कळ वाचलं-पाहिलं आहे, पण याहून चांगली कसोटी मला सापडलेली नाही.

आज्जी स्वयंपाकघरातून कुस्ती ऐकायची. पडद्याकडं न बघता तिला कळायचं, की आता कुठवर आलं आहे. आधी हुशार गडी दोन-चार डाव दाखवतो तेव्हा लोक मोकळेपणानं ओरडतात. मग धिप्पाड गडी त्याला खाली घेतो, आणि आवाज बसतो. हा मधला पडता काळ लांबला पाहिजे, तिथं घाई झाली की पुढचं फुकट. मग पंच एक, दोन मोजतो आणि तिसरी थाप पडणार एवढ्यात खांदा उचलला जातो. अशी थाप हुकली की गर्दीचा जो अर्धवट आवाज निघतो, तो ऐकून आज्जी भाकरी तव्यावर ठेवून दारात यायची. “मेला का जगला?” एवढंच विचारायची.

तिची कुस्तीशी ओळख जुनी होती, मारुतीमार्फत. 1987 साली दूरदर्शनवर रामायण सुरू झालं, तेव्हा तिनं मारुती झालेल्या दारासिंगला पाहिलं, आणि हा माणूस खरा पहिलवान आहे हे आबांनी तिला सांगितलं. दारासिंग आखाड्यात घडलेले होते. पण त्यांचं नाव घरोघरी गेलं ते मुंबईत आणि देशभर तंबू-स्टेडियमांत चालणाऱ्या फ्रीस्टाइल कुस्त्यांनी. हंगेरीचा अजस्र किंगकाँग त्यांच्यासमोर उभा राही तेव्हा अर्धी गोष्ट नुसत्या उभं राहण्यातच सांगून होत असे. 29 मे 1968 ला मुंबईत त्यांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवून जगज्जेतेपद घेतलं. थेझ स्वतः पकडीच्या कुस्तीतला कसलेला माणूस. आबा म्हणायचे, नाटकातली तलवार धरायलासुद्धा मनगट लागतं. दारासिंगला मनगट होतं.

अंडरटेकर नावाच्या मल्लाबद्दल मात्र आज्जीनं आबांचंही ऐकलं नाही. घंटा वाजली, दिवे गेले आणि तो काळ्या टोपीत चालत आला की ती लेकरांना आत बोलवायची. त्याच्या सोबत्याच्या हातातला कलश तिला अस्थिकलशच वाटे. अंडरटेकर सात वेळा मरून आला आहे, ही बातमी तेव्हा डोंगरकड्यात होती, नांदेडला होती, पुढं कळलं की देशभरच्या शाळांत होती. 1996 च्या ‘खिलाडियों का खिलाडी’ सिनेमात अक्षयकुमारनं त्याला हरवलं, तेव्हा वर्गात दोन तट पडले. सिनेमातला अंडरटेकर म्हणजे ब्रायन ली नावाचा दुसराच मल्ल होता. आणि याच ब्रायन लीला कंपनीनं 1994 साली खोटा अंडरटेकर म्हणून खऱ्याच्या समोर उभं केलं होतं. गोष्टीच्या आतही तोतया, बाहेरही तोतया. हे मला फार वर्षांनी कळलं आणि मी लगेच ताईला फोन केला.

ताई ही आमच्यातली एकटीच मुलगी, आणि या विषयात तिची नजर सगळ्यांत तयार. ऑक्टोबर 1999 मध्ये चायना या महिला मल्लानं जेफ जॅरेटला हरवून इंटरकॉन्टिनेंटल बेल्ट घेतला, पुरुषांचा बेल्ट, तेव्हा ताईनं घरात साखर वाटली होती. मार्च 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली, तेव्हा सगळ्यांत आधी मेसेज आला तो ताईचा.

पण पट्ट्याला किंवा गदेला वजन येतं कुठून? आबा यावर नेहमी एकच कुस्ती सांगत. 1977, बेळगाव. हरिश्चंद्र बिराजदार आणि सतपाल. बिराजदार आपल्या मराठवाड्याचे, निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. लातूर जिल्हा तेव्हा झाला नव्हता, सगळं उस्मानाबादेत. 1969 चे महाराष्ट्र केसरी, 1970 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. समोर दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्याचा सतपाल, वयानं पाचेक वर्षांनी लहान आणि अंगानं केवढा तरी थोर. पुढं 1982 च्या आशियाई स्पर्धेत 100 किलो गटाचं सुवर्ण घेणारा. बिराजदारांनी सतपालला पाडलं. ही खरी कुस्ती, यात कुणी काही ठरवलेलं नाही. तरीही आबा तिच्यातला डाव सांगत बसत नसत. ते आधीचं सांगत. सतपालच्या नावाचा तेव्हा काय दरारा होता, मराठी मुलखाची मान कशी अडकली होती, गावोगावच्या पारांवर काय बोललं जात होतं. हे सगळं अर्धा तास. निकाल एका वाक्यात. आम्हाला निकाल पाठ होता, तरी दरवेळी त्या वाक्याशी आलो की अंगावर काटा यायचा.

म्हणजे जोड लावणारा माणूस हाच मुळात गोष्ट सांगणारा. कुणासमोर कुणाला उभं करायचं हे जत्रेचे पंच ठरवतात, त्यात निम्मी कुस्ती असते. उरलेली निवेदक सांगतो. कोथळीच्या शंकरअण्णा पुजारींचं निवेदन ज्यांनी ऐकलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. हा गडी कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, बाप कुणाशी लढला होता. मैदानातले दोघे नुसते खडाखडी करत असतात, हलगी संथ वाजत असते, आणि तेवढ्यात त्या दोघांच्या मागं अख्खं घराणं उभं राहतं. अमेरिकेत हेच काम जिम रॉस करायचा. त्याचं इंग्रजी आम्हाला चारआणे कळे, पण आवाज कधी चढला, कधी फाटला, यावरून बाराआणे समजून जाई.

आता आमच्या घरातली सगळ्यांत लाडकी कुस्ती. 15 फेब्रुवारी 2004, सॅन फ्रान्सिस्कोजवळचं काऊ पॅलेस. ब्रॉक लेसनरकडं मुख्य बेल्ट, समोर एडी गरेरो. एव्हाना कंपनीचं नाव डब्ल्यूडब्ल्यूई झालं होतं आणि प्रक्षेपण टेन स्पोर्ट्सवर होतं, पण घरात सगळे डब्ल्यूडब्ल्यूएफच म्हणत. आमच्यातले निम्मे शिक्षणासाठी नांदेडला खोल्या करून राहत होते. या कुस्तीसाठी सगळे घरी आलो.

लेसनर म्हणजे 2000 साली विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत विजेता ठरलेला खरा मल्ल, एकशे तीस किलोंच्या वरचा. एडी जेमतेम पाच फूट आठ इंच, शंभर किलोंच्या आसपास. एडीचे वडील गोरी गरेरो मेक्सिकोच्या कुस्तीतलं मोठं नाव, भाऊही मल्ल. हा मात्र दारू-गोळ्यांत वाहवत गेला, 2001 च्या शेवटी कंपनीनं त्याला काढून टाकलं. तिथून सावरून तो परतला. त्याची रीत खोटं बोलण्याची, फसवून जिंकण्याची, आणि लोक त्याच्यावर जीव टाकत. आज्जी म्हणायची, हा लबाड आहे, पण दुष्ट नाही. एवढ्या नेमक्या शब्दांत एडी गरेरो मला दुसऱ्या कुणी सांगितलेला नाही.

कुस्ती अर्ध्या तासाची. बराच वेळ लेसनर त्याला दाबून धरतो, आवळतो, फेकतो. तो मधला पडता काळ इथं भरपूर आहे, आणि त्यात एडीची धडपड प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडी थकलेली दिसते. मग पंच धडकेत पडतो. लेसनर बेल्टच घेऊन मारायला येतो, आणि गोल्डबर्ग नावाचा दुसरा मल्ल धावत येऊन लेसनरला आडवा करतो. हा माणूस आकाशातून पडलेला नाही. तीनच आठवड्यांपूर्वी रॉयल रंबलमध्ये लेसनरनं त्याचा घात केला होता. ते देणं आज वसूल झालं. एडी लेसनरवर पडतो, मोजणी सुरू होते, एक, दोन, आणि लेसनर सुटतो.

आबा इथं उठून उभे राहिले होते. “बरं झालं सुटला!” आम्ही सगळे एडीच्या बाजूचे, आम्हाला कळेना आबा असं का म्हणतात. पण विचार करा. त्या दणक्यावर निकाल लागला असता, तर बेल्ट दुसऱ्याच्या जोरावर आला असता. ज्या माणसानं आयुष्य उधळून परत गोळा केलं, त्याला शेवटचं पाऊल स्वतः टाकू द्यायला हवं होतं. पुढं तेच होतं. लेसनर त्याला खांद्यावर उचलतो, एडी तिथूनच सटकून त्याचं डोकं खाली पडलेल्या बेल्टवर आदळतो, मग कोपऱ्यातल्या दोरावर चढून उडी. तीन. आणि तो गर्दीत झेपावतो, त्याच्या भाषेची, त्याच्या लोकांची गर्दी. बेल्टसाठी भांडण, बेल्टवरच आपटून निकाल. हे लिहिणाऱ्यानं किती विचार केला असेल!

महिन्याभरानं, 14 मार्चला, रेसलमेनियात त्याच्यासमोर कर्ट अँगल होता, 1996 च्या ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता. अँगलचा हुकमी डाव घोटा पिरगाळायचा. घोटा इतका पिळला गेला की एडी बुटाची नाडी सोडायला लागला. आम्हाला वाटलं, सूज आली म्हणून. अँगलनं पुन्हा घोटा धरला आणि त्याच्या हातात आला नुसता बूट. एडी सुटून वळला, अँगलला गुंडाळला, तीन थापा. दुखणंही लक्षात ठेवलं, लबाडीही लक्षात ठेवली, आणि दोन्हींची गाठ एका नाडीत मारली. आबा किती तरी दिवस आल्या-गेल्याला ही नाडीची गोष्ट सांगत होते. एडी 13 नोव्हेंबर 2005 ला गेला, अडतिसाव्या वर्षी. आमच्या घरात त्या आठवड्यात कुणी मोठ्यानं टीव्ही लावला नाही.

जुलै 2007 मध्ये खली जगज्जेता झाला तेव्हा गावात फटाके वाजले. आनंद आम्हालाही झाला, आपला माणूस, हिमाचलचा. पण कुस्ती म्हणून ती कुणाला आठवत नाही. आधीचा विजेता एज जखमी झाल्यानं बेल्ट रिकामा होता, वीस जणांच्या गर्दीत तो ठेवला गेला, आणि खलीनं शेवटी केन आणि बटिस्टाला एकदमच बाहेर फेकलं. बेल्ट कुणाकडून घेतला? कुणाकडून नाहीच. मागं काही थकलेलं नव्हतं, म्हणून वसूलही काही झालं नाही.

आणि 6 एप्रिल 2014. न्यू ऑर्लीन्स, रेसलमेनिया. आपल्याकडं सोमवारची सकाळ. 1991 पासून या सोहळ्यात अंडरटेकर हरलेला नव्हता, एकवीस विजय, आणि त्या दिवशी लेसनरनं त्याला पाडलं. पडद्यावर 21-1 असा आकडा आला आणि सत्तर हजारांच्या वर माणसं असलेलं मैदान गप्प झालं. बेल्ट पणाला नव्हता. आम्ही पाच ठिकाणांहून एकमेकांना फोन लावत होतो आणि सगळ्यांचे फोन एंगेज. आबा तेव्हा नव्हते.

दादाचं म्हणणं तेव्हापासून ठाम आहे. कुस्ती म्हणून ती पडेल होती. अंडरटेकरला मधेच डोक्याला खरा मार बसला होता, तो संथ झाला होता, डाव सुटे सुटे पडत होते, शेवट एकाएकी आला. आबांच्या कसोटीला ती उतरत नाही, आणि ज्या विजयमालेची राखण इतकी वर्षं केली ती अशी तोडायला नको होती. ताई हे मान्य करत नाही. दिवाळीला डोंगरकड्याला जमलो की हा वाद नव्यानं निघतो, आणि ताई दादाला दरवेळी तेच ऐकवते: “त्या माणसाच्या अंगात तेवीस वर्षांचा मार व्हता दादा, आन् तो दिसत व्हता. आबांनी आपल्याला दुसरं काय बघायला शिकवलं व्हतं?” दादा मान हलवतो, लेसनरच्या तिसऱ्या एफ-फाइव्ह डावाच्या आधी अंडरटेकरनं काय करायला हवं होतं ते उभं राहून करून दाखवतो, आणि धाकटा कुणी तरी मोबाइलवर ती कुस्ती पहिल्यापासून लावतो.